पर्णाकार गाठ : स्तनातील एका विरळ अर्बुदाची प्रतिमाचिन्हे आणि वर्गीकरण

"डॉक्टर, गाठ कर्करोगाची आहे की नाही, एवढे एकच सांगा." स्तनात गाठ घेऊन येणाऱ्या भगिनींचे नातेवाईक क्ष-किरण विभागाच्या दारात आम्हांला हा प्रश्न नेहमी विचारतात. बहुतेक वेळा तपासण्या पूर्ण झाल्यावर त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येते. परंतु स्तनात उद्भवणारे एक विरळ अर्बुद असे आहे, की त्याच्याबाबतीत हा प्रश्नच अपुरा पडतो. वैद्यकशास्त्रात त्यास 'फायलॉइड्स ट्यूमर' म्हणतात. मराठीत त्यास पर्णाकार गाठ म्हणता येईल. स्तनातील सर्व अर्बुदांत तिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र ती नेमकी कोणत्या श्रेणीची आहे, यावर रुग्णाची शस्त्रक्रिया आणि पुढील काही वर्षे अवलंबून असतात. आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांना या निदानामागील विचार समजावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

एका भगिनीची हकीकत

रुग्णाची ओळख प्रकट होऊ नये, अशी काळजी घेऊन एक हकीकत येथे देत आहोत. शेतमजुरी करणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक भगिनी आपल्या धाकट्या भावाबरोबर आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. डाव्या स्तनातील गाठ गेल्या पाच महिन्यांत झपाट्याने वाढली होती. वेदना नव्हत्या, म्हणून त्यांनी प्रारंभी लेप लावून पाहिला आणि सुगी संपेपर्यंत कोणास काही सांगितले नाही. तपासताना गाठ टणक, गुळगुळीत आणि हाताने हलणारी लागली. वरची त्वचा ताणून चकाकत होती, तिच्यातील शिरा उठून दिसत होत्या. परंतु त्वचेस खळी पडलेली नव्हती आणि स्तनाग्र आत ओढले गेलेले नव्हते.

शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या भावाने दोन वर्षांपूर्वीचा एक सोनोग्राफीचा कागद जपून ठेवला होता. त्यात त्याच जागी २.४ सेंटिमीटरची गाठ नोंदलेली होती आणि 'फायब्रोअ‍ॅडिनोमा', म्हणजे तरुण वयात नेहमी आढळणारी साधी तंतुग्रंथी गाठ, असा अभिप्राय होता. आमच्या मोजमापात तीच गाठ ७ सेंटिमीटरची भरली. त्या वेळचा अभिप्राय निष्काळजीपणाचा होता, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. या दोन गाठी आरंभी इतक्या सारख्या दिसतात, की अनुभवी नजरेसही त्यांतील भेद करता येत नाही. आम्हांला सावध केले ते केवळ त्या दिवशीच्या चित्राने नव्हे, तर त्या जुन्या कागदाशी केलेल्या तुलनेने.

नाव आणि त्याचा इतिहास

जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ साली या गाठीचे वर्णन केले आणि तिला 'सिस्टोसार्कोमा फायलॉइड्स' असे नाव दिले. 'फायलॉन' या ग्रीक शब्दाचा अर्थ पान. गाठ कापली असता आत पानांसारखे पदर एकमेकांवर दुमडलेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये अरुंद फटी असतात, म्हणून हे नाव. 'सार्कोमा' हा शब्द म्युलर यांनी 'मांसल' या अर्थाने योजला होता आणि ही गाठ निरुपद्रवी आहे, असे त्यांचे मत होते. पुढे हाच शब्द घातक अर्बुदांसाठी रूढ झाला. त्यामुळे केवळ नावामुळे साध्या गाठीच्या रुग्णांसही भय वाटावे, अशी परिस्थिती निर्माण झाली. दुसरीकडे, काही रुग्णांत ही गाठ फुप्फुसापर्यंत पसरल्याचेही नंतर आढळले. म्हणजे नाव वाचून घाबरणे जसे चुकीचे, तसेच नाव विसरून निर्धास्त राहणेही चुकीचे. या गाठीस वैद्यकीय वाङ्मयात साठाहून अधिक नावे मिळाली आहेत. अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने 'फायलॉइड्स ट्यूमर' हे तटस्थ नाव स्वीकारले.

स्तनामध्ये दूध वाहून नेणाऱ्या नलिका असतात. त्यांच्या आतील बाजूस पेशींचे अस्तर असते आणि त्यांच्याभोवती आधार देणारी तंतुमय ऊती असते. नेहमीचा स्तनाचा कर्करोग अस्तराच्या पेशींपासून उद्भवतो. पर्णाकार गाठीत वाढ होते ती मुख्यतः आधारऊतीची. ही ऊती वाढता वाढता नलिकांच्या पोकळीत घुसते. तिच्यावर अस्तर तसेच राहते आणि पानांसारखे पदर तयार होतात. फायब्रोअ‍ॅडिनोमातही अस्तर आणि आधारऊती हे दोन्ही घटक असतात. म्हणूनच त्या दोहोंत इतके साम्य आहे. सिंगापूर येथील संशोधकांनी २०१४ साली फायब्रोअ‍ॅडिनोमात आणि पुढे २०१५ साली पर्णाकार गाठीत, एम.ई.डी.१२ या एकाच जनुकातील बदल मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. या दोन गाठींचे नाते नुसते दिसण्यापुरते नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

प्रतिमांतील खुणा

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र, घेतले असता पर्णाकार गाठ सामान्यतः गोल, लंबगोल किंवा कडेला फुगवटे असलेली, दाट पांढरी आणि रेखीव कडेची दिसते. भोवतालची चरबी दाबली गेल्यामुळे काही वेळा गाठीभोवती एक बारीक काळसर वलय दिसते. नेहमीच्या कर्करोगात दिसणारे काटेरी किरण आणि चुन्याचे सूक्ष्म कण या गाठीत क्वचितच असतात. 'कड स्वच्छ, म्हणून गाठ निर्धोक' हा सर्वसाधारण नियम येथे फसवा ठरू शकतो. कारण मारक श्रेणीची पर्णाकार गाठही मॅमोग्राफीत रेखीव कडेची दिसू शकते.

सोनोग्राफीत ही गाठ सभोवतीच्या चरबीपेक्षा काळसर दिसते. तिच्या मागील बाजूस ध्वनिलहरी अधिक तेजस्वी भासतात. गाठीच्या आत द्रव भरलेल्या बारीक फटी किंवा लहान पोकळ्या दिसल्या, तर आमचा संशय बळावतो. म्युलर यांनी कापलेल्या गाठीत उघड्या डोळ्यांनी ज्या फटी पाहिल्या, त्याच आम्हांला न कापता पडद्यावर काळ्या रेषांच्या रूपाने दिसतात. रंगीत डॉप्लर तपासणीत गाठीच्या घन भागात रक्तप्रवाह वाढलेला आढळू शकतो. वर उल्लेखिलेल्या भगिनीच्या गाठीत अशा फटी स्पष्ट होत्या आणि त्यांच्यामधील पदर चांगले जाड होते.

एम.आर.आय. तपासणी प्रत्येक रुग्णास आवश्यक नसते. गाठ मोठी असेल, छातीच्या स्नायूला लागून असेल किंवा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येईल की नाही हे ठरवायचे असेल, तर ती उपयोगी पडते. पाण्याचा अंश ठळक करणाऱ्या चित्रात फटी आणि पोकळ्या उजळ दिसतात, आतील रक्तस्राव ओळखता येतो आणि स्नायूपर्यंतचे अंतर मोजता येते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत गाठ आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा अखंड थर दिसला. त्यामुळे स्तन वाचवता येईल, असे शल्यचिकित्सकांना आधीच सांगता आले.

हे सर्व खरे असले, तरी एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. गाठ सौम्य आहे की मारक, हे या तीनपैकी कोणत्याही चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. आकारावरूनही नाही. मोठी गाठ पूर्णपणे सौम्य असू शकते आणि लहान गाठ मारक असू शकते. चित्राचे काम गाठीची श्रेणी ठरवण्याचे नसून योग्य वेळी संशय घेण्याचे आहे.

काळ हे चौथे साधन

संशय घेण्यास सर्वाधिक मदत होते ती दोन चित्रांमधील काळाची. फायब्रोअ‍ॅडिनोमा बहुधा वयाच्या पंधरा ते पस्तीस वर्षांच्या काळात दिसतो आणि काही सेंटिमीटर वाढून पुष्कळदा तेथेच थांबतो. पर्णाकार गाठ बहुधा पस्तीस ते पंचावन्न या वयात आढळते, तीन सेंटिमीटरहून मोठी असण्याची शक्यता अधिक असते आणि ती थोड्या काळात वेगाने वाढू शकते.

अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ साली प्रसिद्ध केलेली 'बाय-रॅड्स' ही अभिप्राय-पद्धती आज जगभर वापरली जाते. तिच्यात गाठीस शून्य ते सहा असे वर्ग देतात. तिसरा वर्ग म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नसलेली गाठ. तिच्यावर साधारणपणे सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. चौथा वर्ग म्हणजे नमुना काढून तपासणे इष्ट. तिसऱ्या वर्गातील गाठ सहा महिन्यांत सर्वांत लांब मापाच्या वीस टक्क्यांहून अधिक वाढली, तर केवळ लक्ष ठेवणे पुरेसे मानत नाहीत. येथे वाचकांच्या ध्यानी येईल, की ही वीस टक्के वाढ मोजण्यासाठी मुळात जुने माप हाती असावे लागते. जुना कागद हरवला, की हे चौथे साधन निरुपयोगी होते.

सुईने घेतलेला नमुना

संशय आल्यानंतरची पायरी म्हणजे नमुना. बारीक सुईने पेशी ओढून काचपट्टीवर पाहण्याची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. परंतु तिच्यात विखुरलेल्या पेशी मिळतात, ऊतीची रचना कळत नाही. पर्णाकार गाठीचे वेगळेपण रचनेतच असल्यामुळे ही पद्धत येथे तोकडी पडते. म्हणून सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली, भूल देऊन, जाड सुईने ऊतीचे दोऱ्यासारखे तुकडे काढतात. त्यास 'कोअर बायोप्सी' म्हणतात.

तीही सर्वज्ञ नाही. एकाच गाठीचा एक भाग शांत आणि दुसरा आक्रमक असू शकतो. सुई शांत भागात गेली, तर गाठ प्रत्यक्षाहून सौम्य वाटते. त्यामुळे विकृतिशास्त्रज्ञ अनेकदा 'अस्तर व आधारऊती यांची मिश्र गाठ. पर्णाकार गाठीची शक्यता. संपूर्ण काढून तपासावी' असा अभिप्राय देतात. नातेवाइकांना तो टाळाटाळीचा वाटतो. वस्तुतः तो प्रामाणिक अभिप्राय असतो. आमच्या रुग्णाच्या अहवालातही हेच शब्द होते आणि तिच्या भावाने पुन्हा तोच प्रश्न विचारला : "म्हणजे आहे की नाही?"

तीन श्रेणी

संपूर्ण गाठ हाती आल्यानंतर तिचे निरनिराळ्या भागांतून अनेक तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या वर्गीकरणात सौम्य, सीमावर्ती आणि मारक अशा तीन श्रेणी आहेत. २०१२ आणि २०१९ सालच्या आवृत्त्यांतही त्या कायम राहिल्या. श्रेणी ठरवताना पुढील पाच गोष्टी एकत्र विचारात घेतात.

१. आधारऊतीत पेशींची दाटी किती आहे.

२. त्या पेशींच्या केंद्रकांत विकृती किती आहे.

३. विभाजित होत असलेल्या पेशी किती आहेत. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च शक्तीच्या दहा क्षेत्रांत त्या पाचांहून कमी असतील तर सौम्य, पाच ते नऊ असतील तर सीमावर्ती आणि दहा किंवा अधिक असतील तर मारक श्रेणीकडे कल मानतात.

४. गाठीची कड भोवतालच्या ऊतीस केवळ बाजूला सारते की तिच्यात शिरते.

५. आधारऊतीची इतकी वाढ झाली आहे काय, की कमी शक्तीच्या संपूर्ण क्षेत्रात अस्तर दिसतच नाही.

सर्व लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा निर्णय सोपा असतो. काही लक्षणे मारक आणि काही सौम्य असतील, तर गाठ सीमावर्ती ठरते. सीमावर्ती म्हणजे डॉक्टरांचा निर्णय झालेला नाही, असे नव्हे. या गाठीचा स्वभावच मधला आहे, असा तो निर्णय असतो. एकूण पर्णाकार गाठींपैकी निम्म्याहून अधिक सौम्य श्रेणीच्या असतात, हेही आप्तांनी जाणून घ्यावे.

श्रेणीवरून काय ठरते

प्रसिद्ध अभ्यासांनुसार त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सौम्य श्रेणीत सुमारे १० ते १७ टक्के, सीमावर्ती श्रेणीत १४ ते २५ टक्के आणि मारक श्रेणीत २३ ते ३० टक्के आहे. शरीरात अन्यत्र, मुख्यतः फुप्फुसात, पसरण्याचा धोका प्रामुख्याने मारक श्रेणीत असतो. सीमावर्ती श्रेणीत तो अल्प आणि सौम्य श्रेणीत जवळजवळ नसतो.

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. सीमावर्ती आणि मारक गाठ भोवतीच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतीसह काढावी, अशी शिफारस आहे. सौम्य गाठ संपूर्ण काढली गेली असेल, तर कड अरुंद राहिली तरी केवळ लक्ष ठेवणे आता पुरेसे मानले जाते. ही गाठ लसिका ग्रंथींपेक्षा रक्तावाटे पसरते. म्हणून नेहमीच्या कर्करोगाप्रमाणे काखेतील ग्रंथी सरसकट काढत नाहीत. ही बाब लहान नाही. काखेतील ग्रंथी काढल्यानंतर काही स्त्रियांचा हात कायमचा सुजतो आणि हातावर पोट असलेल्या स्त्रीला त्याचा अर्थ काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अचूक निदानाचे मोल हे असे असते. त्यायोगे जसा योग्य उपचार मिळतो, तसा अनावश्यक उपचारही टळतो.

आमच्या रुग्णाची गाठ एक सेंटिमीटर निरोगी ऊतीसह काढण्यात आली आणि स्तन वाचला. दहा क्षेत्रांत सात विभाजित पेशी आढळल्या, केंद्रकांत मध्यम विकृती होती, सर्व कडा निरोगी होत्या. गाठ सीमावर्ती ठरली. तिच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अखेर असे दिले : "ताईंना नेहमीचा स्तनाचा कर्करोग नाही. ही गाठ पूर्णपणे साधीही नाही. ती संपूर्ण निघाली आहे. पण परत येण्याची शक्यता आहे, म्हणून तुम्ही परत येत राहिले पाहिजे." ताई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त पुढच्या तपासणीची तारीख विचारली.

परत येण्याची गोष्ट

गाठ पुन्हा उद्भवलीच, तर ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उद्भवते. म्हणून या काळात दर सहा महिन्यांनी तपासणी करण्याचे आम्ही ठरवले. पहिल्या तपासणीस ताई वेळेवर आल्या. दुसऱ्या वेळी ऊसतोडीचा हंगाम होता. त्या आल्या नाहीत. आमच्या समाजसेविकेने दूरध्वनी केला तेव्हा समजले, की एका तपासणीसाठी त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि दोघांचे एस.टी.चे भाडे वेगळे द्यावे लागते. रुग्ण-साहाय्य निधीतून प्रवासखर्चाची तजवीज झाल्यावर त्या तीन महिने उशिराने आल्या. सोनोग्राफीत काही आढळले नाही. ते आमचे आणि त्यांचे सुदैव. तसे घडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

पाठपुराव्याचा अभाव हा पुष्कळदा रुग्णाचा हलगर्जीपणा मानला जातो. या अनुभवाने आम्हांला तसे मानण्यापूर्वी चौकशी करण्यास शिकवले.

रुग्णांच्या आप्तांस विनंती

स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षू नये. जुने अहवाल आणि फिल्म, त्या कितीही जुन्या असोत, टाकून देऊ नयेत. प्रत्येक भेटीत बरोबर आणाव्यात. 'साधी गाठ' असा अभिप्राय मिळाला असला, तरी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा मोजणी करून घ्यावी आणि गाठ वाढते आहे असे वाटल्यास मुदतीची वाट पाहू नये. गाठ मोठी आहे म्हणून आशा सोडू नये. शस्त्रक्रियेनंतर विकृतिशास्त्राचा अहवाल स्वतः मागून घ्यावा. त्यात श्रेणी आणि कडांची स्थिती या दोन गोष्टी नमूद आहेत ना, हे पाहावे आणि तो कायम जपावा.

समारोप

आमचे देणगीदार अनेकदा आस्थेने विचारतात, की विभागास कोणते नवे यंत्र हवे. यंत्रांचे महत्त्व आम्ही जाणतो आणि मिळालेल्या प्रत्येक यंत्राबद्दल कृतज्ञ आहोत. परंतु या एका निदानाची साखळी पाहिली असता ध्यानी येते, की तिचा पहिला दुवा भावाने जपलेला कागद होता आणि शेवटचा दुवा एस.टी.चे तिकीट. मधले दुवे म्हणजे सोनोग्राफी, जाड सुई, संपूर्ण गाठ नेटाने तपासणारे विकृतिशास्त्रज्ञ, आणि एकत्र बसून निर्णय घेणारे तीन विभाग. यांपैकी एकही दुवा तुटला असता, तर इतर सर्वांचे श्रम वाया गेले असते. म्हणूनच जुन्या फिल्म व अहवाल जतन करण्याची व्यवस्था आणि पाठपुराव्यासाठी प्रवासखर्च, या दोन साध्या गरजांकडे आम्ही विश्वस्त मंडळाचे आणि देणगीदारांचे नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.

ज्या भगिनीची हकीकत येथे सांगितली, तिच्या पुढील तपासणीची तारीख आमच्या नोंदवहीत लिहिलेली आहे. त्या दिवशी आम्ही तिची वाट पाहू.